एकही बंकर नसलेला गोल्फ कोर्स

इंग्लंडमध्ये गोल्फ खेळायचं म्हटलं की आपली मंडळी सनिंगडेल नाहीतर वेंटवर्थचं नाव काढतात आणि तिथली ग्रीन फी, म्हणजे एका फेरीचे पैसे, ऐकून बेत रद्द करतात. अशा प्रत्येकाला मी रॉयल अ‍ॅशडाउन फॉरेस्टला जायला सांगतो. लंडनच्या दक्षिणेला, ईस्ट ससेक्समधल्या फॉरेस्ट रो गावाला लागून हा कोर्स आहे. व्हिक्टोरिया स्टेशनहून ट्रेनने ईस्ट ग्रिनस्टेड गाठायचं आणि पुढे 291 नंबरची बस धरायची. फी सनिंगडेलच्या मानाने बरीच कमी आहे आणि हिवाळ्यात ती आणखी उतरते.

1888 पासून इथे गोल्फ चालू आहे, पण इथल्या ओल्ड कोर्सच्या अठरा होलमध्ये एकही बंकर, म्हणजे चेंडू अडवायला खणलेला वाळूचा खड्डा, नाही. ही सगळी सामाईक जमीन. गावकऱ्यांचे गुरं चारण्याचे हक्क फार जुने, आणि जंगल राखायला नेमलेलं मंडळ जमिनीला हात लावू देत नाही. त्यामुळे चढउतार, ओढे, घळी जिथे होत्या तिथेच राहिल्या आणि होल त्यांच्या कलाने आखले गेले.

बंकर नाहीत म्हणून कोर्स सोपा असेल असं मात्र मुळीच समजू नका. फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना हेदर पसरलेलं असतं. घोट्याएवढंच झुडूप, पण काड्या तारेसारख्या चिवट. चेंडू त्यात शिरला की दोन पावलांवरूनही दिसत नाही. सापडला तर हातातल्या क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, मानेला काड्या वेढा घालतात आणि क्लबचं तोंड फिरवून टाकतात. तिथे शहाण्याने वेज, म्हणजे चेंडू उंच उचलणारा क्लब, काढावा, आडवा मारून फेअरवेवर यावं आणि एक फटका गेला असं धरून पुढे चालावं. ऑगस्टमध्ये हेच हेदर फुलतं आणि टेकड्याच्या टेकड्या जांभळ्या होतात. सप्टेंबरातलं कासचं पठार पाहिलेल्याला तो रंग ओळखीचा वाटेल.

माझा सगळ्यात लाडका होल सहावा. पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, जेमतेम सव्वाशे यार्ड. इथले लोक त्याला ‘आयलंड’ म्हणतात, कारण ग्रीनभोवती, म्हणजे खळगा असलेल्या हिरवळीभोवती, ओढा आणि खोल घळ आहे. हातात छोटा आयर्न, अंतर किरकोळ, तरीही टीवर उभं राहिलं की वाऱ्याचा अंदाज पुन्हा पुन्हा घ्यावासा वाटतो. आखूड पडला तर पाण्यात, वाकडा गेला तर घळीत. जगात लांबलचक पार तीनचं भलतंच कौतुक चालतं. या एका होलवरून मी ते सगळे ओवाळून टाकेन.

अकरावा पार तीन याच्या अगदी उलट, जवळपास अडीचशे यार्डांचा. तिथे चार फटक्यांवर समाधान मानायला हरकत नाही. सतरावा लांब उतारावरून खाली येतो आणि समोर सारं रान उघडं होतं.

गोल्फ हा बड्यांचाच खेळ असं मानणाऱ्यांनी इथल्या कँटलूप क्लबची माहिती करून घ्यावी. गावातल्या कष्टकऱ्यांचा हा क्लब याच मैदानावर खेळत आला आहे. एब मिचेल हा नामांकित गोल्फर त्यातूनच घडला. पुढे सॅम्युअल रायडरने त्याला स्वतःचा प्रशिक्षक नेमलं, आणि रायडरच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायडर कप या चषकाच्या झाकणावर जो सोनेरी गोल्फर उभा आहे, तो हाच मिचेल.

जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. रानातून फिरायला येणाऱ्यांचाही या जमिनीवर हक्क आहे; कुत्रा घेऊन कुणी फेअरवे ओलांडत असेल तर थांबा, त्यांना जाऊ द्या. ओल्ड कोर्सवर वेळ मिळाली नाही तर शेजारचा वेस्ट कोर्स घ्या. तो आखूड आहे, आणखी स्वस्त आहे, आणि हेदर तिथेही तेवढंच चिवट आहे.