सबमिशनच्या आठवड्यातला ८०३८६

सोमवार, रात्री

झेरॉक्सवाल्या काकांच्या दुकानात आज पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणजे सबमिशनचा आठवडा लागला. खोलीत आम्ही तिघी, तिघींच्या मांडीवर जर्नल आणि मधे फरसाणाची पिशवी. शिकायचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि प्रोग्राम उतरवायचे हाताने कागदावर, यावरचे विनोद पहिल्या वर्षीच करून संपलेत. आता कुणी बोलत नाही, मुकाट लिहितात.

सध्या मायक्रोप्रोसेसर लॅब चालू आहे. एस.ई.च्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या, दुसऱ्या सेमिस्टरमधला सगळ्यात जास्त शिव्या खाणारा विषय. पुणे विद्यापीठाच्या आमच्या २०१९ पॅटर्नला इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर आहे. ही चिप १९८५ सालची, आमच्या आईचं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. लॅबचा प्रोग्राम मात्र ६४ बिटच्या उबंटू लिनक्सवर, नॅझम या असेंब्लरमध्ये, म्हणजे प्रोसेसरला एकेक सूचना देत लिहायचा. थिअरीत एक मशीन, टेबलावर दुसरंच. ३० मार्कांची इन-सेम, ७० ची एंड-सेम, आणि सीनियर लोकांचा ठरलेला सल्ला: "एमपी ना? आकृत्या पाठ कर, प्रश्न १ किंवा २, ३ किंवा ४ असा चॉईस असतो, निघून जातं."

निघून जातं हे खरंच आहे. माझी अडचण वेगळी आहे. मला हा विषय आवडायला लागलाय आणि खोलीत हे बोलायची सोय नाही.

मंगळवार

आजचा अख्खा दिवस एक आकडा स्क्रीनवर आणण्यात गेला.

सी++ मध्ये सीआऊट लिहिलं की आकडा दिसतो. इथे तसं काही नाही. रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, २एफ ही हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांची) संख्या आहे, ठीक. पण स्क्रीनला संख्या कळत नाही, अक्षरं कळतात. मग ती संख्या चार-चार बिट फिरवत एकेक अंक समोर आणायचा, बाकीचे बिट झाकायचे, अंक ९ पर्यंत असेल तर त्यात हेक्स ३० मिळवायचे आणि ९ च्या पुढे गेला, म्हणजे ए ते एफ असेल, तर आणखी ७ मिळवायचे. हे ७ कुठून आले ते आमच्या राईट-अपमध्ये नाही. सगळे "ॲड ७" असं लिहून मोकळे.

जेवण झाल्यावर आस्की तक्ता, म्हणजे कुठल्या चिन्हाला कुठला नंबर त्याची यादी, उघडून बसले. ९ हे चिन्ह हेक्स ३९ वर संपतं, कॅपिटल ए ४१ वर सुरू होतो. मधल्या जागांवर कोलन, सेमीकोलन, लेस दॅन, बरोबर, ग्रेटर दॅन, प्रश्नचिन्ह आणि ॲट. मोजले तर बरोब्बर सात! या सात चिन्हांवरून उडी मारायला ते ७. तक्ता अमेरिकेत १९६३ साली पहिल्यांदा निघाला, त्यात कुणीतरी अंक आणि अक्षरं यांच्यामध्ये ही चिन्हं बसवली आणि त्याचं देणं आम्ही अजून प्रत्येक प्रोग्रामात फेडतोय. मला हसूच आलं. रूममेटला उठवून सांगितलं तर म्हणाली, "ओरलला विचारतात का? नाही ना? मग झोप."

मधेच अप्पांचा फोन. ते बार्शीला एस.टी.च्या आगारात वर्कशॉपला आहेत, रात्रपाळीला जाताना फोन करतात.

"काय केलंस गं आज?"

"आकडा छापला, अप्पा."

"कसला आकडा?"

"कसलाही. स्क्रीनवर आणला."

"दिवसभर?"

"हो."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं. उद्या दुसरा आण."

बुधवार

रूममेटचा प्रोग्राम चालेना. तिने तो एका सीनियरच्या जर्नलवरून घेतला होता, त्या सीनियरने त्याच्या सीनियरकडून. मजकूर इतक्या वेळा झेरॉक्स झालाय की स्वल्पविराम आणि सेमीकोलन यातला फरक अंदाजाने करावा लागतो. असेंबल होत होता, लिंक होत होता, चालवला की काहीच छापायचा नाही, आणि शेवटी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत नको तिथे गेला म्हणून बंद.

ती "माझंच नशीब" वगैरे सुरू करणार तेवढ्यात मी कोड वाचायला घेतला. लिनक्समध्ये कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, काम सांगायच्या दोन पद्धती आहेत. जुनी ३२ बिटची, इंट ८०एच; नवी ६४ बिटची, सिसकॉल. दोन्हींचे कामांचे नंबर वेगवेगळे. जुन्या पद्धतीत 'लिही' म्हणजे ४ आणि 'संपव' म्हणजे १. नव्या पद्धतीत 'लिही' म्हणजे १ आणि 'संपव' म्हणजे ६०. झेरॉक्सच्या कुठल्यातरी पिढीत कुणीतरी इंट ८०एच खोडून सिसकॉल केलं आणि नंबर तसेच ठेवले. त्यामुळे बाई ४ नंबरने लिहायला सांगत होत्या आणि कर्नल समजत होता की एखाद्या फाईलची माहिती विचारतेय, कारण नव्या यादीत ४ म्हणजे स्टॅट. शेवटी १ नंबरने संपव म्हटलं, तर तो त्याच्या हिशेबाने लिहायला लागला. प्रोग्राम संपलाच नाही, कोडच्या शेवटाच्या पलीकडे चालत गेला आणि पडला.

हे तिला समजावताना फार मजा आली, इतकी की तिने शेवटी "कळलं, कळलं, तू सर होऊ नकोस" म्हणून माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेतला. नंबर बदलले, चालला. तिने तो जर्नलमध्ये नवीन लिहून काढला. पुढच्या बॅचला निदान चांगलं झेरॉक्स मिळेल.

गुरुवार

मेसमध्ये वाद. विषय नेहमीचाच: हे शिकून करायचं काय?

बाजू त्यांची भक्कम आहे, नाही म्हणणार नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या ॲप्टी (ॲप्टिट्यूड टेस्ट) घेतात, डेटा स्ट्रक्चर्स विचारतात, एसक्यूएलच्या जॉईन्स विचारतात. सेगमेंट डिस्क्रिप्टर (मेमरीचा एक तुकडा कुठे आहे आणि केवढा, ते सांगणारी नोंद) काढून दाखव असं आमच्या कुठल्या सीनियरला कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला आमच्यातला एकजण म्हणाला की त्याचं हेच ८०८५ आणि ८०८६ या जुन्या चिपवर करून झालंय, तेव्हा पण कुणी विचारलं नव्हतं. दुसरी म्हणाली, हे काढून टाका आणि त्या जागी एआयचा आणखी एक पेपर घाला.

मी डिस्क्रिप्टरचंच उदाहरण दिलं. ८०३८६ मधला डिस्क्रिप्टर ८ बाइटचा. त्यात सेगमेंट कुठून सुरू होतो तो ३२ बिटचा बेस ॲड्रेस असतो, पण सलग नाही. पहिले २४ बिट एका ठिकाणी आणि वरचे ८ बिट पार टोकाला, शेवटच्या बाइटमध्ये. लिमिटचंही, म्हणजे सेगमेंट केवढा त्याचंही, तसंच, १६ बिट खाली आणि उरलेले ४ वर. पाठ करताना सगळे वैतागतात की कुठल्या शहाण्याने असं तोडलं. तर आधीच्या ८०२८६ मध्ये बेस २४ बिटचाच होता आणि डिस्क्रिप्टरमधले शेवटचे दोन बाइट रिकामे ठेवून दिले होते. ३८६ आला तेव्हा जुने प्रोग्राम मोडायचे नव्हते, म्हणून वाढलेले बिट त्या रिकाम्या दोन बाइटमध्ये कोंबले. वाडा न पाडता मागच्या अंगाला पत्र्याची खोली काढतात, तसं. आज तुमच्या-माझ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर चालू होतो तो ८०८६ सारखाच रिअल मोडमध्ये, १९७८ च्या चिपचं सोंग घेऊन. मग तो प्रोटेक्टेड मोडला जातो, जिथे प्रोग्राम एकमेकांपासून राखलेले असतात, मग ६४ बिटला. बटण दाबलं की दरवेळी पहिल्यापासून सगळं.

"मग काय?" डिप्लोमावाला.

मग काय, हे मला मेसमध्ये नीट सांगता आलं नाही. आता लिहिताना सुचतंय. वेब टेक्नॉलॉजी असो की एआय, बाकी सगळीकडे मी कुणाच्या तरी वर उभी राहून काम करणार. खाली लायब्ररी, तिच्याखाली दुसरी लायब्ररी. चार वर्षांत हा एकच विषय असा आहे ज्यात चिपचं मॅन्युअल घेऊन बसलं तर एक अख्खं मशीन तळापर्यंत डोक्यात मावतं. नव्या प्रोसेसरचं ते शक्य नाही, कुणालाच. म्हणून जुनी चिप ठेवली असेल तर शहाणपणाचं केलं म्हणायचं. (की नुसतं कुणी बदललंच नाही म्हणून राहिली? तसंही असेल. इथे दोन्ही शक्य असतं.)

लिनक्ससुद्धा १९९१ मध्ये ३८६ वरच सुरू झाला, तो लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या घरच्या मशीनवर. आणि २०१३ मध्ये ३.८ कर्नलने त्याच ३८६ ला रजा दिली. ज्या चिपवर जन्म झाला तिच्यावर आज तो चालत नाही.

त्याच १९९१ मध्ये इथे गणेशखिंडीला सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेने परम ८००० उभा केला होता. चौथीच्या सामान्यज्ञानापासून आम्ही 'भारताचा पहिला महासंगणक' एवढंच पाठ केलं. त्यातले प्रोसेसर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, हे मला यंदा कळलं. चिप विकतची, पण अशा अनेक चिप जोडून एकच गणित सगळ्यांकडून करून घ्यायचं काम इथल्या लोकांनी केलं. 'चिप इथे बनत नाहीत मग शिकायच्या कशाला' म्हणणाऱ्याला उद्या मेसमध्ये हेच सांगणार आहे. पोळी गरम असली तर ऐकेल.

शुक्रवार, खूप उशीर झालाय

आज गंमत झाली आणि ती नीट लिहून ठेवायचीय.

शेवटाकडचं एक प्रॅक्टिकल आहे: प्रोसेसर प्रोटेक्टेड मोडमध्ये आहे का ते तपासा आणि जीडीटीआर, एलडीटीआर, आयडीटीआर वगैरे रजिस्टरमधल्या किमती दाखवा. जीडीटीआर म्हणजे डिस्क्रिप्टरांचं मुख्य टेबल मेमरीत कुठे आहे आणि केवढं आहे ते सांगणारं रजिस्टर. एसजीडीटी ही एक सूचना दिली की ते मिळतं.

लॅबच्या जुन्या पीसीवर चालवलं तर लिमिट आलं ००७एफ. म्हणजे १२७, एकने कमी धरतात म्हणून टेबल १२८ बाइटचं, ८ बाइटच्या १६ नोंदी. हिशेब जुळला. रात्री जर्नलसाठी आउटपुट घ्यायला तोच प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर चालवला, तर लिमिट शून्य. ००००. आणि बेसच्या जागी एफच्या रांगा. शून्य लिमिटचं टेबल म्हणजे त्यात एक नोंदसुद्धा बसत नाही, आणि मशीन तर मजेत चालू आहे, वर गाणी वाजताहेत.

आधी कोड तपासला. ओळ न् ओळ तीच. मग डीमेसग बघितलं, म्हणजे कर्नल स्वतःशी जे पुटपुटतो ते. तिथे माझ्या प्रोग्रामच्या नावाने ओळ पडली होती: एसजीडीटी ही सूचना ॲप्लिकेशनना वापरता येत नाही. पुढे 'यूएमआयपी' हे अक्षर-चतुष्टय. ते धरून शोधत गेले. नव्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरमध्ये ही सोय आली आहे की साध्या प्रोग्रामने ही रजिस्टर वाचायला घेतली तर प्रोसेसर त्याला अडवतो. कारण कर्नलची टेबलं मेमरीत कुठे आहेत हा पत्ता हल्ला करणाऱ्याच्या फार कामाचा. पण जुने काही प्रोग्राम बिचारे अजून ही सूचना वापरतात, त्यांना एकदम मारून कसं टाकायचं? म्हणून लिनक्स मधे पडतो आणि त्यांच्या हातावर एक खोटी किंमत ठेवतो. प्रोग्राम खूश, पत्ता गुप्त.

म्हणजे माझ्या लॅपटॉपने मला थाप मारली होती!

१९८५ ला ही सूचना कुणालाही उघडी होती. पाठ्यपुस्तकात अजून तशीच आहे. आणि गुरुवारी मी 'तळापर्यंत' म्हणून जे एवढं लिहिलंय, तो तळ माझ्या लॅपटॉपवर कर्नलने रंगवून ठेवलेला पडदा निघाला. तरीही मी ते वाक्य खोडत नाही. जुनं मशीन माहीत नसतं तर शून्य लिमिट बघून मला काही खटकलंच नसतं. आउटपुट आलं म्हणून चिकटवून टाकलं असतं.

रूममेटच्या लॅपटॉपवरही शून्यच. तिला सांगितलं. या वेळी मात्र ती उठून बसली.

सोमवार

ओरल झाली. एक्स्टर्नल सर बाहेरच्या कॉलेजचे, वयस्कर, पंख्याखालची खुर्ची मागून घेतलेले. माझ्या आधीच्या मुलीला विचारलं, ८०३८६ ला ॲड्रेस लाईन (मेमरीचा पत्ता बाहेर नेणाऱ्या तारा) किती? ती म्हणाली ३२. सगळे तेच म्हणतात. सरांनी पिन डायग्राम पुढे सरकवला, "मोजून दाखव." त्यात ए३१ पासून ए२ पर्यंतच पिना आहेत, ए१ आणि ए० नाहीतच. त्याऐवजी बाइट इनेबलच्या चार पिना, बीई० ते बीई३. ती बिचारी पुन्हापुन्हा मोजत होती. बाहेर रांगेत उभे होते ते सगळे एकदम पुस्तकं उघडून बसले.

मला जीडीटीआर आलं. जर्नलमध्ये मी दोन्ही आउटपुट शेजारी-शेजारी लावले होते, लॅबचं आणि लॅपटॉपचं. सरांनी चष्मा वर करून बघितलं. "हे दोन वेगळे का?" सांगितलं. इंग्रजीत सुरुवात केली, मधेच मराठीत घसरले, त्यांनी काही म्हटलं नाही. त्यांनाही यूएमआयपी माहीत नव्हतं असं मला वाटलं, कारण त्यांनी आमच्या सरांकडे बघितलं आणि आमच्या सरांनी खिडकीकडे.

मग पुढचा प्रश्न आला: "आणि एलजीडीटी? ती चालेल तुझ्या प्रोग्राममधून?" वाचणं आणि बदलणं यातला फरक. ती नाही चालणार सर, टेबलाचा पत्ता बदलायला रिंग शून्यच, म्हणजे कर्नलचा अधिकारच, लागते, ३८६ मध्येसुद्धा. त्यांनी मान हलवली आणि "नेक्स्ट" म्हणाले.

संध्याकाळी आमच्या सरांनी बोलावून घेतलं. पुढच्या वर्षीच्या लॅब मॅन्युअलमध्ये त्या प्रॅक्टिकलखाली एक टीप घालायची आहे, तूच लिहून दे म्हणाले, पाच-सहा ओळी, सोप्या इंग्रजीत. मार्क किती दिले ते विचारायचं राहिलं.

उद्या डेटा स्ट्रक्चर्सची ओरल आहे. एव्हीएल ट्रीची रोटेशनं रूममेटने घोटून ठेवलीत, रात्री ती मला शिकवणार आहे. मेसची सुट्टी, म्हणून जाताना अंडाभुर्जी घ्यायची.