बदामाची सत्ती

मी राहतो त्या, नेदरलँड्समधल्या फ्रीसलँड प्रांताच्या झेंड्यावर सात लाल बदाम आहेत, असं तिथल्या माणसासमोर म्हणू नये. एरवी ही माणसं मोजकं बोलणारी. बांधावरून लाटा उडत असल्या तरी 'वारा आहे जरा' एवढंच म्हणतील. पण बदाम म्हटलं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो आणि मग सुटका नाही. ती पानं आहेत. तळ्यात, कालव्यात पसरणाऱ्या पिवळ्या पाणलिलीची पानं, 'पोम्पेब्लेडन'. देठाजवळ खाच असते म्हणून तशी दिसतात, बाकी प्रेमाबिमाचा काही संबंध नाही.

झेंडा तिरक्या पट्ट्यांचा. चार निळ्या, तीन पांढऱ्या, आणि पांढऱ्यांवर दोन-तीन-दोन अशी लाल पानं. सात का, तर मध्ययुगात उत्तर समुद्राच्या काठाने फ्रिसियन लोकांचे सात मुलूख होते असं मानतात, त्यांची ती आठवण. आजचं रेखाटन १८९७ चं. प्रांताने ते अधिकृतपणे स्वीकारलं १९५७ मध्ये. तिथल्याच हेरेनफेन गावच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर हीच पानं असतात.

या मे महिन्यात वेंगुर्ल्याला येताना असा एक झेंडा बॅगेत टाकला. पडवीत उघडला तर चुलतभावाने बोटाने पानं मोजली आणि निकाल दिला, "ह्या काय रे? बदामाची सत्ती!" झालं. मी खाचेपासून सात मुलुखांपर्यंत सगळं सांगितलं. इथे कोणी खुर्ची पुढे ओढली नाही. पोरांनी पत्ते काढले.

पण मला चीड आली ती वेगळ्याच बदामाची. हल्ली आपल्या कुठल्याही किनाऱ्यावर जा, सुरूच्या बनातून बाहेर आलात की आधी समुद्र दिसत नाही, अक्षरं दिसतात. 'आय', मग एक भलामोठा लाल बदाम, मग गावाचं नाव. पुरुषभर उंच आणि रात्री दिवे लागणारी. गावाचं नाव तेवढं बदलतं, बदाम तोच. ही पाटी उचलून पुढच्या तालुक्यात नेऊन ठेवली, चार अक्षरं बदलली, तर कोणाला पत्ता लागणार नाही. तिच्या पायथ्याशी रापण ओढणारे उभे असतात, पलीकडे होड्या, वर माड. आणि या सगळ्यातून गावाने स्वतःची ओळख म्हणून काय निवडलं, तर मोबाईलवर कोणीही कोणालाही पाठवतं ते चित्र. तिकडे एक अख्खा प्रांत 'बदाम नव्हे' म्हणून वाद घालतो, इकडे आम्ही पैसे भरून बदाम बसवून घेतो.

(आता कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच सांगतो: ॲमस्टरडॅमनेही अशी अक्षरं मिरवली होती. लोकांची फारच झुंबड उडायला लागली म्हणून २०१८ च्या डिसेंबरात त्यांनी ती रिक्सम्युझियमसमोरून उचलली. त्यात बदाम नव्हता, आणि शहराचा खरा झेंडा तीन फुल्यांचा, तो होताच.)

खरी असूया मला माशांची वाटते. एनखाउझन नावाचं जुनं बंदर आहे, त्याच्या मानचिन्हात, म्हणजे गावाच्या ढालीवरच्या चिन्हात, तीन हेरिंग मासे आहेत, आणि तिघांच्या डोक्यावर मुकुट. हेरिंग म्हणजे काय, तर आपल्या तारल्यांच्या कुळातला मासा, गरिबाच्या ताटातला. पण गाव त्याच्यावर जगलं म्हणून त्याला राजा केला. द हेगच्या चिन्हात करकोचा आहे आणि त्याच्या चोचीत वाम. राजघराणं, संसद, आंतरराष्ट्रीय न्यायालय, सगळं ज्या शहरात, त्याचं चिन्ह म्हणजे जेवायला बसलेला पक्षी! टेरशेलिंग बेटाला तर चित्राचीही गरज पडली नाही. पाच आडव्या पट्ट्या, लाल, निळी, पिवळी, हिरवी, पांढरी, आणि त्यांचं एक गाणं शाळेतल्या पोरांना पाठ असतं: लाल ढग, निळं आभाळ, वाळूच्या टेकाडांवरचं पिवळं गवत, मग हिरवं गवत आणि खाली पांढरी वाळू. वरून खाली बघत या, बेट दिसलं.

शिवाय हे सगळं गंमत म्हणून चाललेलं नसतं. पालिकेच्या मानचिन्हाला द हेगच्या एका जुन्या मंडळाचा सल्ला लागतो, ते १८१४ पासून आहे, आणि मंजुरी राजाच्या हुकमाने होते. फ्रीसलँडमध्ये तर खेड्यापाड्यांचेही झेंडे आहेत, आणि ते नीट व्हावेत म्हणून १९५५ पासून वेगळी समिती आहे. मी राहतो त्या खेड्यात बाजारपेठ म्हणावी असं काही नाही, पण झेंडा आहे. जूनमध्ये शालान्त परीक्षेचा निकाल लागला की पास झालेल्या पोराच्या घरावर झेंडा चढतो आणि काठीच्या टोकाला त्याचं दप्तर लटकवतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला आपल्या दहावीच्या निकालाचे पेढे आठवले आणि उगाच घशात काहीतरी आलं.

आता तुम्ही म्हणाल, याला तिकडचंच सगळं गोड. तसं नाही. त्यांच्या डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात १६३७ पासून होती, आज तिच्या भिंतींतून झाडं उगवलीत. तेव्हा तिरंगी पट्ट्यांवर कंपनीची तीन अक्षरं एकात एक गुंफलेला झेंडा ते जगभर मिरवत. म्हणजे झेंड्यावर अक्षरं घालण्यात तेही कमी नव्हते. आणि समुद्रावरच्या निशाणांचं कौतुक आम्हाला कोणी शिकवायला नको. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या ध्वजातून इंग्रजांचा लाल क्रॉस गेला आणि त्या जागी शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी ढाल आली. तिकडच्या ऑफिसात त्या दिवशी मी सगळ्यांना फोनवर चित्र दाखवत फिरलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला कुठे, माझं घर कुठे, हेही सांगितलं.

माझा मुद्दा लहान आहे. देशाचा आहे, नौदलाचा आहे, मग गावाचा का नसावा? २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झाला. वेंगुर्ल्याच्या नावाने काजूच्या जाती निघाल्या. जिन्नस भरपूर आहेत. पण आपल्याकडे एखादं बोधचिन्ह करायला घेतलं की एका गोलात डोंगर, माड, होडी, देऊळ, कारखान्याचं चाक, पुस्तक, उगवता सूर्य आणि कडेने संस्कृत सुभाषित, सगळं एकदम जातं. कोणाला वगळलं म्हणून भांडण नको. ते लेटरहेडवर ठीक, वाऱ्यावर त्याचा नुसता डाग दिसतो.

हे मी धाकट्या काकांना सांगत होतो. आमच्याकडे तरंगाचा मान आहे. तरंग म्हणजे लुगडी नेसवलेली ग्रामदेवाची उंच काठी, दसऱ्याला ती खांद्यावर घेऊन मिरवतात. बोलता बोलता मी म्हणालो, काका, तरंग हाच खरं म्हणजे आपल्या गावचा झेंडा. उंच काठी, लुगडी, गावाची ओळख, मिरवणूक. तिकडच्या कुठल्याही समितीला दाखवला तर माना डोलावतील.

काकांनी सुपारी कातरायची थांबवली. "तरंगाक झेंडो म्हणतंस? देव आसा तो."

मी म्हटलं, तसं नव्हे, म्हणजे चिन्ह म्हणून.

"चिन्ह नाय. देव. दसऱ्याक येवन खांद्यार घे, मगे बोल."

यावर बोलायला जागा नव्हती. पण एक सांगतो, दसऱ्याला येता येत नाही ते काही मला यायचं नसतं म्हणून नाही. ऑक्टोबरात ऑफिसात वर्षाचे हिशेब जुळवायचे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे जुन्या मालवाहू शिडाच्या बोटींच्या शर्यती असतात, प्रत्येक बोट एकेका गावाची, तेव्हा सगळं फ्रीसलँडच काठावर असतं. त्या दिवसांची रजा आधीच नोंदवावी लागते. सगळेच घेतात, एकट्याने नाही म्हणणं बरं दिसत नाही. आणि घरावर त्यांचा झेंडा लावतो म्हणून मी तिकडचा झालो, हे चुलतभावाचं म्हणणं मला मान्य नाही. गल्लीत सगळ्यांच्या घरांवर असतो. ज्या गावाचा कर भरतो त्याचा झेंडा लावला तर त्यात काय बिघडलं? गुढीही उभारतो मी, वारा असला तरी.

माझं म्हणणं कोणाला पटलं असेल तर ते बंदरावरच्या मित्राला, ज्याची स्वतःची होडी आहे. त्याला मी मानचिन्हांच्या रंगांचा जुना नियम सांगितला. पिवळा आणि पांढरा हे 'धातू', म्हणजे सोनं-चांदी. लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. तो म्हणाला, यात शिकवण्यासारखं काय आहे? जाळ्याच्या बोयाला काळं फडकं लावतात ते शोभेसाठी का? आभाळावर काळंच दिसतं. निळ्यावर हिरवं लावशील तर जाळं गेलंच. युरोपातल्या सरदारांना ढालीवरून माणूस ओळखायला जो नियम लागला, तो त्याने बिडी पेटवायच्या आत सांगून टाकला.

मग त्यानेच काढलं, नारळी पौर्णिमेला होडीवर नवीन निशाण लावू, तू काढून दे. आम्ही ओट्यावर बसून काढलं. गावाचं नाव नाही, सूर्य नाही, चाक नाही. निळ्यावर पांढरा मासा एकच, डोक्यावर पिवळा मुकुट. नियमात बसतं. काकांनीही बघितलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे चालेल.

मासा कुठला यावर मात्र अजून एकमत नाही. चुलतभाऊ म्हणतो पापलेट, सरकारने मान दिलेला आहे. मित्र म्हणतो, पापलेट आम्ही विकतो, खातो तो बांगडा, आणि मुकुट त्याच्याच डोक्यावर बसणार. काकीने आतून सुरमई सुचवली, ती दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखी केली. मी बांगड्याच्या बाजूने आहे. शिंप्याला कापड देऊन ठेवलं आहे, मासा ठरला की फोन करतील. पौर्णिमेला मी तिकडे शर्यतीत असणार, तेव्हा फोटो पाठवा म्हटलंय.