जेडचं बोन्साय करताय? तार राहू दे, कात्री घ्या

जेड म्हणजे त्या गुबगुबीत पानांच्या झाडाचं बोन्साय म्हटलं की लोक आधी फांद्यांना वळण द्यायला तार कुठल्या जाडीची घ्यायची ते विचारतात आणि मला दरवेळी सांगावंसं वाटतं की थांबा जरा, हे तारेचं झाड नाहीये, हे कात्रीचं झाड आहे. फांद्या आतून पाण्याने भरलेल्या, साल मऊ, तार बांधली की बघता बघता रुतते आणि तिचे वळ राहतात ते राहतातच, आणि जरा जास्त वाकवायला गेलं की फांदी कट्कन मोडते. त्यापेक्षा छाटा, वाढू द्या, परत छाटा.

आता छाटायचं नेमकं कुठे, तर ते खोडावर लिहिलेलंच असतं. जुनी पानं गळून गेली की तिथे खोडाभोवती एक बारीक तपकिरी कडी राहते, नीट बघा, प्रत्येक पेरावर असते. त्या कडीच्या थोडं वर कापायचं. उरलेला तुकडा काही दिवसांत सुकतो, सुरकुततो, बरोबर कडीपर्यंत येऊन थांबतो आणि मग नुसतं बोट लावलं तरी गळून पडतो (ओढून काढू नका प्लीज, आपोआप पडू दे). मग त्याच कडीवर समोरासमोर दोन हिरवे ठिपके दिसायला लागतात, अगदी मोहरीएवढे, तेच तुमचे नवीन फाटे. आणि यातली खरी गंमत म्हणजे जेडची पानं जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात असते. म्हणजे एका कडीवर कापलं तर फाटे डावी-उजवीकडे जाणार, त्याच्या वरच्या कडीवर कापलं तर पुढे-मागे. फांदी कुठल्या दिशेला हवी ते कापण्याआधीच ठरवता येतं! एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी तारेचं बरंचसं काम वाचतं.

एक गोंधळ मात्र आधी दूर करायला हवा. जेड या नावाखाली दोन वेगळी झाडं विकली जातात. एक क्रासुला ओव्हाटा, मोठी जाड चकचकीत पानं, गुबगुबीत खोड. दुसरं पोर्तुलाकारिया आफ्रा, बारीक गोलसर पानं आणि लालसर तपकिरी फांद्या. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची पण कूळ वेगळं. पोर्तुलाकारियाला तिकडे स्पेकबूम म्हणतात, हत्ती ते आवडीने खातात, वरून खात येतात त्यामुळे खालच्या फांद्या जमिनीला टेकून तिथेच मुळं धरतात. असं हत्तींनी ओरबाडूनही परत फुटणारं झाड छाटणीला कशाला घाबरेल! लहान बोन्साय करायचं असेल तर मी तरी पोर्तुलाकारियाच घ्या म्हणेन, पान लहान असल्यामुळे ते लवकर झाडासारखं दिसतं आणि सांभाळून तारही थोडीफार सोसतं.

रोपं करायची तर क्रासुलाचं एक अख्खं पान देठाच्या टोकापासून न तुटता काढून सुक्या मातीवर नुसतं ठेवलं तरी काही आठवड्यांत मुळं आणि मग इवलंसं रोप येतं. बघायला फार छान वाटतं पण बोन्सायसाठी हा रस्ता लांबचा आहे, त्यातून जाड खोड व्हायला वर्षं जातात. पोर्तुलाकारियाच्या पानाला तर मुळं फुटली तरी पुढे रोप क्वचितच येतं. म्हणून सरळ जाड फांदीचं कटिंग लावा, मनगटाएवढी फांदीसुद्धा रुजते. फक्त जखम पूर्ण सुकू द्या, बारीक फांदीला चार-पाच दिवस, जाडीला आठवडा-दोन आठवडेसुद्धा, सावलीत नुसती पडू दे. ओली जखम ओल्या मातीत गेली की सडलीच म्हणून समजा. आणि लावल्यावर लगेच पाणी नाही.

लगेच उथळ ट्रेमध्येही टाकू नका, तिथे खोड जाड होत नाही, आधी मोठ्या कुंडीत भरपूर उन्हात वाढू दे. पाणी पटकन निचरायला मातीत निम्म्याहून जास्त परलाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) नाहीतर जाडी वाळू हवी. पाण्याचं गणित पानावर, पान दाबून बघा, टणक असेल तर नको, किंचित मऊ पडलं की भरपूर द्या, पार खालून बाहेर येईपर्यंत. हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं, त्यामुळे पाणी फार कमी उडतं, म्हणूनच रोजचं पाणी त्याला मारतं. कुंडी बदलतानाही आधी माती कोरडी होऊ द्यायची, मुळं छाटायची, कोरड्या मातीत लावायचं आणि आठवडाभर पाणी बंद.

उन्हाने पानांची कड लाल झाली तर तो रोग नाही. क्रासुलाच्या पानावरचे पांढरे ठिपकेही बहुतेक वेळा पाण्यातले क्षार असतात, ओल्या फडक्याने पुसले की गेले. पण पानाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, लगेच स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा.

आणि हो, घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर क्रासुला त्यांच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा, खाल्लं तर उलट्या होतात. पोर्तुलाकारियाचा तो त्रास नाही.