बैठकीच्या खोलीत कबरी कशाला?

आमच्याकडे येणारे बहुतेक जण भिंतीकडे पाहून हा प्रश्न विचारतात आणि मी आजवर समोरच्याचा चेहरा पाहून उत्तर देत आलो. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी नीट लिहितो.

सतराव्या शतकातील डच चित्रकार याकोब फान राउसडाल याच्या ‘ज्यू दफनभूमी’ची ती छापील प्रत आहे. कबरी खऱ्या आहेत. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या औडरकेर्कमध्ये फ्रान्सच्या राणीचे वैद्य मोंताल्तो यांची १६१६ नंतरची कबर आजही आहे. पण त्या सपाट मुलुखात चित्रातला खळाळता ओढा नाही, आणि मागचे भग्न अवशेष एग्मंडच्या मठाचे, दुसऱ्याच गावचे.

वडिलांच्या आजारपणात त्यांची खाट याच भिंतीसमोर होती. मधल्या पांढऱ्या कबरीवर पडलेले ऊन ते बराच वेळ निरखत आणि ढग कुठे फाटला असेल, असे विचारत. ते गेल्यावर, दहाव्याच्या आदल्या दिवशी, एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी मला न विचारता चित्र उतरवून कपाटामागे ठेवले आणि ‘हे असले घरात लावल्यावर दुसरे काय होणार?’ असे आईच्या देखत म्हणाले. आई काही बोलली नाही. मी मात्र कपाटामागून चित्र ओढून काढले, त्यांना इंद्रधनुष्य दाखवले आणि हे आशेचे चित्र आहे, असे चढ्या आवाजात सांगत राहिलो. वडील याच चित्राकडे पाहत शांत होत, हे सांगायचे होते. ते तोंडून निघालेच नाही.

चित्रात असा अर्थ शोधायला मला जर्मन कवी ग्योटेच्या १८१६च्या लेखाने शिकवले होते. त्याने राउसडालला कवी मानले. उलट, राउसडालच्या चित्रांच्या नकला करत शिकलेल्या इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलने १८३६च्या व्याख्यानांत याच चित्राला दोष दिला: अवशेष म्हणजे वार्धक्य, ओढा म्हणजे आयुष्य, हे पाहणाऱ्याला कळावे कसे? तेव्हा मला हा आक्षेप कोता वाटे. आता तो पटतो, कारण वडिलांना कोणताही अर्थ लागत नव्हता, त्यांना ऊन दिसत होते. तरीही ग्योटेला सोडवत नाही. जर्मनीतल्या बेंटहाइमच्या किल्ल्याखालची बुटकी टेकडी उंच डोंगर करून रंगवणाऱ्या राउसडालने इंद्रधनुष्य मात्र इतके फिकट का ठेवले, यावर मी स्वतःशीच भांडतो. अपशकुनाचे म्हणाल तर ते मी मान्य करत नाही, आणि चित्र उतरवणारही नाही.