नॉर्वेला जाऊन गायरांगर पाहिलं नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही पाहिलं गायरांगर, म्हणजे उंच कड्यांमधली ती प्रसिद्ध समुद्रखाडी, जिला तिकडे फ्योर्ड म्हणतात. ट्रोलस्टिगन घाटाची अकरा वळणंही नाहीत आणि सेव्हन सिस्टर्सचा धबधबाही नाही. परत आल्यापासून लग्नात, हळदीकुंकवात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये हा प्रश्न येतो, आणि पाठोपाठ ‘मग तिकडे केलंत तरी काय?’ असा चेहरा. गंमत म्हणजे त्याच माणसांना दोन मिनिटांनी माझी एक्सेल शीट हवी असते. ‘तुमचं प्लॅनिंग फार व्यवस्थित असतं म्हणे, पाठवा ना.’ अर्ध्यात सोडून दिलेल्या सहलीची शीट कुणाला कशी पाठवू? नाही पाठवली की मी आखडू.

शीट चांगली होती, हे आधी सांगून ठेवते. बर्गनला उतरून गाडी घ्यायची, व्हॉसवरून फ्लोम, तिथे मुक्काम. मग लार्डाल, सोग्नदाल, स्ट्रिन करत हेलसिल्ट, तिथून गाडीसकट फेरीत चढून तासाभरात गायरांगर, आणि शेवटी ओलेसुंडहून परतीचं विमान. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ८०, वळणांवर तेवढाही निघत नाही, म्हणून नकाशा सांगेल त्याच्या दीडपट वेळ धरला होता. फेरीच्या रांगा धरल्या होत्या. रविवारी मोठी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-ब्रेड घ्यायचं, हेसुद्धा वेगळ्या रंगात लिहिलं होतं. क्रोनला आठ-नऊ रुपये लावले की प्रत्येक कॉफीचा घोट अडकतो, त्यामुळे पोहे, उपम्याचं पीठ आणि छोटा कुकर बॅगेत.

एकच गोष्ट आमच्या हातात नव्हती, ती म्हणजे मे महिना. आपल्याकडे शाळेला सुट्टी मेमध्ये, म्हणून नॉर्वेही मेमध्ये. वाईट नसतो मे. बर्फ वितळत असतं, धबधबे वर्षातले सर्वांत भरलेले असतात, हार्डांगरकडे सफरचंदं फुलतात, रात्री साडेदहापर्यंत उजेड. पण डोंगरमाथ्यावरचे रस्ते तेव्हा अजून बर्फाखाली असतात. ट्रोलस्टिगन उघडतो मेच्या अखेरीकडे, तोही निसर्गाने मनावर घेतलं तर. २०२४ मध्ये दरडींमुळे तो जवळजवळ अख्खा हंगाम बंद राहिला. तेव्हा ट्रोलस्टिगन का नाही, याचं उत्तर सरळ आहे, मेमध्ये गेलो म्हणून. गायरांगर का नाही, याचं उत्तर मात्र सरळ नाही.

सोबत आई होती. आईचं माहेर-सासर दोन्ही रत्नागिरी. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून करबुड्याच्या बोगद्यातून तिची ये-जा आहे. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि नेमकी त्यातच तिला डबा उघडायची हुक्की येते. त्यामुळे शीटमध्ये बोगद्यांचा रकाना नव्हता. नकाशावर बोगदा म्हणजे फिकट तुटक रेघ. बर्गनहून फ्लोमकडे जाताना अशा इतक्या रेघा आहेत की नजर त्यांच्यावरून घसरतेच.

गुडवांगेनपर्यंत ती मजेत होती. छोटे बोगदे आले, गेले. एकात तिने ‘आला उजेड’ म्हणून टाळीही वाजवली. मग गुडवांगेनचा बोगदा लागला. ११.४ किलोमीटर. अरुंद, दोन्हीकडची वाहनं एकाच नळीतून, भिंती ओबडधोबड फोडलेल्या खडकाच्या, आणि आत शिरल्यापासून चढ. पुढे एक ट्रक. पाचेक मिनिटांनी माझ्या सीटच्या पाठीवर मागून हात आला. ‘काच खाली कर.’ केली, तर ट्रकचा आवाज आणि धूर आत. परत वर केली. ‘मला उतरव.’ मी म्हटलं, अगं इथे थांबता येत नाही. ‘मला उतरव म्हणत्ये ना.’ नवरा फोन धरून बसला होता. किती राहिलं म्हणून विचारलं, तर स्क्रीनवरचा निळा ठिपका अजून गुडवांगेनलाच, सिग्नल गेलेला. आणि मग ती टुंग-टुंग सुरू झाली. आईने पट्टा सोडला होता. पट्टा सोडला की गाडी ओरडते, आणि त्या नळीत तो आवाज कसा घुमतो ते शब्दांत नाही सांगता येत. नवऱ्याने सीटवर उलटं वळून तिचे दोन्ही हात धरले. समोरून एक बस आली, तिचे दिवे डोळ्यांवर. आणि मी ओरडले, ‘आई, गप्प बस!’

ती गप्प बसली. एकदम. उरलेल्या बोगद्यात फक्त ती टुंग-टुंग.

बाहेर पडल्यावर उजेड मिळतो तो जेमतेम दरीच्या रुंदीएवढा. लगेच पुढे दुसऱ्या बोगद्याचं तोंड दिसतं. फ्लेन्या त्याचं नाव, पाच किलोमीटरचा, त्याच्या पलीकडे फ्लोम. म्हणजे मागे अकरा, पुढे पाच आणि मध्ये आम्ही. मी गाडी बाजूला घेतली. आई उतरली, रस्त्याकडेच्या दगडावर बसली, पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता मला बोलेल. तिने फक्त पुढच्या बोगद्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मी यात येणार नाही.’ मी करबुड्याची आठवण करून दिली. तेव्हा म्हणाली, ‘रेल्वे आपली आपण जाते. इथे तू चालवत्येस.’

या वाक्यावर पुढे आमच्या घरात बरंच भाष्य झालंय. नवऱ्याच्या मते ते घाबरलेल्या माणसाचं बोलणं होतं, त्यात काही शोधू नये. मला तेव्हाही तसं वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही.

त्या मधल्या तुकड्यातून एकच रस्ता खाली जातो, उंड्रेदालला. फ्योर्डच्या काठावरचं शंभरेक माणसांचं गाव, माणसांपेक्षा शेळ्या जास्त. १९८८ पर्यंत तिथे रस्ताच पोचला नव्हता, जे काही यायचं-जायचं ते होडीने. रस्ता खाली गावाशी संपतो, म्हणजे तिथून सुटका नव्हती, पण बोगदाही नव्हता. गेलो. बाराव्या शतकातलं चिमुकलं पांढरं लाकडी चर्च बाहेरून बघितलं. शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज आईने चाखलं, आणखी मागितलं. मग ती काठावरच्या पायऱ्यांवर उतरली, पाण्यात बोटं बुडवून चाखली आणि त्या दिवशी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, ‘खाडी म्हणतेस आणि अळणी कशी?’ मी सांगितलं, डोंगरावरचं बर्फ वितळून येतं ते गोडं पाणी हलकं, वर तरंगतं, खारं खाली असतं. हाच फ्योर्ड पुढे ज्याला मिळतो तो सोग्नेफ्योर्ड १३०० मीटर खोल आहे. ‘मग भरती-ओहोटी?’ आहे की. तिने लगेच दगडांवर ओल्या शेवाळाची रेघ शोधून काढली. तिथे आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. माझ्या शीटमध्ये त्या जागेचं नावही नव्हतं.

फ्लोम गाठणं भागच होतं. आई मागे आडवी झाली, तोंडावर शाल घेतली, रामरक्षा सुरू केली. पाच किलोमीटरला चार मिनिटंही लागत नाहीत, अर्धी व्हायच्या आत बोगदा संपला. तिने फ्लोमच्या पार्किंगमध्ये बसून उरलेली पूर्ण केली, मगच उतरली.

आता खरा प्रश्न. फ्लोमहून गाडीने गायरांगरकडे जायचं तर पुढे लार्डालचा बोगदा, २४.५ किलोमीटर. २००० साली उघडला, जगातला सर्वांत लांब रस्त्याचा बोगदा. त्याच्यानंतरही सोग्नदालच्या पुढे सहा-सात किलोमीटरचे आणखी दोन. लार्डाल टाळायला वरून ऑर्लँडचा घाटरस्ता आहे, सुंदर आहे म्हणतात, पण तो उघडतो साधारण जूनच्या सुरुवातीला. मे महिना, बर्फ, फाटक बंद. रात्री नवऱ्याने अगदी सौम्यपणे सुचवलं, ‘आई, तुम्ही इथे हॉटेलवर आराम करा, आम्ही एक रात्र जाऊन येतो.’ आई म्हणाली, ‘जा की, माझं काय.’ हे वाक्य ज्यांनी आपल्या आईकडून ऐकलंय त्यांना मी आणखी काय सांगू?

आम्ही गेलो नाही. गायरांगरच्या खोलीचे पैसे बुडाले, ओलेसुंडची तिकिटं बदलावी लागली. सगळ्यांना मी सांगते, आईसाठी. ऐकणारे माना डोलावतात आणि मला बरं वाटतं. पण तुम्ही इतक्यांदा विचारलंत, म्हणून हेही सांगते की त्या रात्री मलाच लार्डालमध्ये गाडी घालायची नव्हती. माझे हात कापत होते आणि आई झोपायला गेल्यावरही तो टुंग-टुंग आवाज कानात होता. नवरा म्हणाला, मी चालवतो. त्याला मी नाही म्हटलं, आणि नाव आईचं घेतलं.

मग राहिलो फ्लोमलाच. दिवसा हे गाव असह्य असतं. क्रूझ लागते, हजारो माणसं उतरतात, मग फ्रिजवरच्या चुंबकांची दुकानं, आइस्क्रीम, रांगा. संध्याकाळी जहाज गेलं की काही शे माणसांचं गाव उरतं आणि उजेड अजून चार-पाच तास शिल्लक. नेरॉयफ्योर्डची होडी घेतली. विजेवर चालते, इंजिनाची घरघर नाही, कडे इतके जवळ येतात की एका ठिकाणी फ्योर्डची रुंदी फक्त २५० मीटर. एक कामाचं सांगते. लोक होडीने गुडवांगेनला जातात आणि परत बसने येतात, वीसेक मिनिटांत. ती बस त्याच दोन बोगद्यांतून येते. आम्ही परतही होडीनेच आलो. तिकिटाचे पैसे जास्त पडले, पण जाताना उजवा काठ बघितला होता, येताना डावा. आणि हो, युनेस्कोने २००५ मध्ये गायरांगर आणि नेरॉय यांना मिळून जागतिक वारशाच्या यादीत एकच नोंद दिली आहे. म्हणजे त्या नोंदीतलं अर्धं आम्ही पाहिलं. दोनदा. हा मुद्दा मी लिफ्टमध्ये मांडते तेव्हा मजला आलेला असतो.

परतताना नवरा गाडी घेऊन एकटा बर्गनला गेला. आई आणि मी रेल्वेने. फ्लोमची गाडी वीस किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून ८६६ मीटरवर मिर्डालला चढते, वाटेत वीस बोगदे, त्यातले अठरा हातांनी खणलेले. मी आईकडे चोरून बघत होते. ती खिडकीला नाक लावून बोगदे मोजत होती. मिर्डालला गाडी बदलली, बर्गनची गाडी सुटते न सुटते तोच पाच किलोमीटरच्या ग्रावहाल्स बोगद्यात शिरली, आणि आईने पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता ना? आईला बोगद्याची भीती नाही. हे मी स्वतःलाच इतक्या वेळा ऐकवलंय. त्यावर माझ्याकडेच उत्तर असं की मग भीती कशाची होती, ते लिही.

गुडवांगेनच्या त्याच बोगद्यात २०१३ मध्ये ट्रकला आग लागली होती, लोक धुरात अडकले होते, सगळे वाचले. हे मी परत आल्यावर वाचलं. आईला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता ज्यांना प्लॅन हवाच आहे त्यांच्यासाठी. वयस्कर माणूस बरोबर असेल तर बर्गन-व्हॉस-फ्लोम हे सगळं रेल्वे, बस, होडीने होतं, गाडी लागत नाही. व्हॉस-गुडवांगेन बसच्या वाटेवर मोठा बोगदा येत नाही, गुडवांगेनहून पुढे होडी. गायरांगर हवंच असेल तर ते बर्गनकडून ओढूनताणून जोडण्यापेक्षा ओलेसुंडला उतरून वेगळं करा, आणि शक्य असेल तर जूनच्या मध्यानंतर जा. मुलांची शाळा सुरू होते, माहीत आहे. मग मेमध्ये जा आणि घाटरस्ते सोडून द्या. छत्री नको, वाऱ्यात उलटते, चांगला रेनकोट घ्या.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे, तेही ऐका. लार्डालच्या बोगद्यात सहा-सहा किलोमीटरवर मोठ्या गुहा खोदल्या आहेत, निळ्या उजेडाच्या, कडेला पिवळसर, पहाट झाल्यासारखं वाटावं म्हणून. लांब बोगद्यात माणूस घाबरतो, कंटाळतो, म्हणून मानसतज्ज्ञांना विचारून केलेली सोय. तिथे थांबता येतं, गाडी वळवून परतही फिरता येतं. तो म्हणतो, आईंसारख्यांसाठीच तर ते बांधलंय, एकदा थांबलो असतो तर त्या निघाल्या असत्या. त्या गुहा मला माहीत होत्या. शीटमध्ये ‘फोटो – ५ मिनिटं’ असं लिहिलं होतं. त्या रात्री आईला मी त्यांच्याबद्दल बोलले नाही. सांगितलं असतं तर ती आली असती का? नवरा म्हणतो हो. आईला विचारलं तर म्हणते, ‘मी तेव्हाही म्हटलं होतं, तुम्ही जा.’