ऑक्टाव्हिया आरएस २५ मिलिमीटर खाली, व्हाया दिवाडीची फेरी

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ चं मॉडेल. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, सगळी ताकद पुढच्या चाकांना. इंजिनाला हात लावलेला नाही आणि लावायचाही नाही. या नोंदी फक्त चाकांच्या आणि स्प्रिंगांच्या. मुक्काम डिचोली, गोवा.

गाडी खाली घेणार, म्हणजे बुटक्या स्प्रिंगा घालून तिची उंची कमी करणार, म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती? बहुतेकांचं उत्तर कुणाच्या तरी गाडीचा फोटो बघून ठरलेलं असतं. माझं उत्तर फेरीबोटीने ठरवलं. माझी आत्या दिवाडी बेटावर राहते आणि दिवाडीला पूल नाही. आमच्याकडून जायचं तर नार्व्याच्या धक्क्यावरून फेरी, नाहीतर लांबचा वळसा घालून जुन्या गोव्याची फेरी. दोन्हीकडे गाडी उतारावरून खाली न्यायची आणि बोटीच्या फळीवरून वर चढवायची. चवथीला (गणेश चतुर्थीला) आत्याच्या दारात न पोचणारी गाडी आमच्या घरात चालणार नाही, ही अट घरातून आधीच आली होती. अट रास्त आहे.

पुठ्ठ्याची पट्टी

उतरता धक्का आणि चढती फळी यांच्यात खोलगट कोपरा तयार होतो. पुढचं चाक त्या कोपऱ्यात आलं की बंपरचा खालचा ओठ फळीच्या सर्वांत जवळ असतो. हिशेब सोपा आहे. ओठ चाकाच्या मध्यापासून ७५ सेंटीमीटर पुढे आणि जमिनीपासून १५० मिमी वर धरला, तर साधारण सव्वाअकरा अंशांच्या कोपऱ्यापर्यंत निभावतं. तोच ओठ १२५ मिमीवर आणला की मर्यादा साडेनऊ अंशांच्या आसपास येते. २५ मिमी खाली येण्याची किंमत जवळजवळ दोन अंश. फोटोत ते दोन अंश दिसत नाहीत, धक्क्यावर ऐकू येतात.

कागदावरच्या कोनावर माझा विश्वास नव्हता, म्हणून कंपनीच्या स्प्रिंगांवर असतानाच गाडीची परीक्षा घेतली. बंपरच्या ओठाखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली, ओठाच्या खाली ३० मिमी लोंबेल अशी, आणि मुद्दाम ओहोटीच्या वेळी नार्व्याला गेलो. पाणी खाली गेलं की बोट धक्क्याच्या खालच्या टोकाला टेकते. तिथला भाग झिजलेला आणि शेवाळलेला असतो, त्यामुळे जे काही व्हायचं ते ओहोटीलाच होतं. पट्टी चुरगळून परत आली. मग ती कापून २५ ची केली. या खेपेला कड ओली झाली, मोडली नाही. आकडा ठरला.

फेरीवरचा खलाशी ‘तिरकी घे, तिरकी!’ म्हणून ओरडतो तो उगाच नाही. उताराशी गाडी ३० अंश तिरकी असली तर चढ सुमारे १३ टक्के सौम्य होतो, शिवाय दोन्ही चाकं एकदम कोपऱ्यात येत नाहीत. पण बोट स्कूटरींनी भरलेली असली की तिरकं व्हायला जागा कुठली? म्हणून मी हिशेब सरळ चढण्याचाच धरला.

स्प्रिंगा की कॉइलओव्हर

यावर मित्रांत पुष्कळ वाद झाला. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप (धक्के शोषणारा दांडा) यांचा एकत्र संच. त्याची उंची कमीजास्त करता येते हे खरं, पण ती करण्यासाठी स्प्रिंगखालची आट्यांची कॉलर फिरली पाहिजे. खारी हवा, पावसाळाभर उडणारा तांबडा चिखल आणि त्यात उघडे आटे. दोन पावसाळ्यांनी त्या कॉलरी छिन्नी-हातोड्याशिवाय हलत नाहीत, हे फोंड्याच्या गॅरेजमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. दर महिन्याला आटे घासून ग्रीस लावणारा धर्मनिष्ठ माणूस असाल तर जरूर घ्या. मी नाही. एकच उंची हवी असताना ती बदलायच्या सोयीचे पैसे द्यायचे कशाला?

तेव्हा बुटक्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दाबल्या जातील तशा कडक होत जाणाऱ्या, स्प्रिंगा घेतल्या. घेताना एक बघायचं: एकाच मॉडेलच्या गाडीला दोन-तीन वेगळे संच असतात आणि ते पुढच्या आसावर येणाऱ्या वजनावरून ठरतात. डिझेल ऑक्टाव्हियाचं नाक जड. तिच्या स्प्रिंगा पेट्रोलला लावल्या तर गाडी म्हणावी तितकी उतरत नाही. बॉक्सवर आसाच्या कमाल वजनाचा आकडा छापलेला असतो, तो गाडीच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. ‘ऑक्टाव्हियाची आहे, बसेल’ या उत्तरावर पैसे देऊ नयेत.

४० मिमी का नको, याला फेरीशिवाय दुसरंही कारण आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. गाडी खाली येते तशी खालच्या आर्मची (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याची) बाहेरची बाजू वर जाते, आणि गाडी वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढलं की गाडीला कलवणारा जोर वाढतो. म्हणजे कडक स्प्रिंग घालून कमावलेलं पुन्हा गमवायचं. उंबऱ्याला टेकलेल्या गाड्या घाटात डुलतात त्या यामुळेच.

चाकं

कंपनीचं चाक १८ इंची, साडेसात जे (म्हणजे इंच) रुंद, ऑफसेट ५१ मिमी; चाकाचा बसायचा पृष्ठभाग रुंदीच्या मध्यापासून जितका बाहेर, तो ऑफसेट. पीसीडी ५ बाय ११२, म्हणजे पाच बोल्ट ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर, मधलं भोक ५७.१ मिमी. नवीन घेतलं ते १८ इंचीच, आठ जे, ऑफसेट ४५, फ्लो फॉर्म्ड (ओतल्यावर रिम दाबून ताणून बनवलेलं). रुंदी अर्धा इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना ६.३५ मिमी. ऑफसेट ६ ने कमी झाला, म्हणजे अख्खं चाक ६ मिमी बाहेर सरकलं. बेरीज करा: बाहेरची कड १२.३५ मिमी बाहेर आली, आतली कड जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर आत गेली. आतली जागा जशीच्या तशी राहिली हेच मला हवं होतं, कारण तिथे स्ट्रट आहे आणि स्ट्रट सरकत नाही. स्पेसरची, म्हणजे चाक बाहेर ढकलायला त्याच्यामागे घालायच्या चकतीची, भानगड नको होती, आणि चाकावरच्या कमानीच्या रेषेच्या आत टायर राहिला पाहिजे हाही आग्रह होता.

टायर तोच, २२५/४० आर १८. या मापाच्या टायरला साडेसात ते नऊ इंची रिम चालतो आणि तो मोजला जातो आठ इंचीवरच, त्यामुळे टायरची बाजूची भिंत ना ताणलेली ना फुगलेली. २३५/४० बऱ्याच जणांनी सुचवला. त्याने टायरचा व्यास ८ मिमी वाढतो: गाडी ४ मिमी वर उचलली जाते आणि कमानीतली तेवढीच जागा खाल्ली जाते. खाली घ्यायचं आणि वर उचलायचं, दोन्ही एकदम कशाला? १९ इंचीचा मोह मात्र खरा होता. पण २२५/३५ आर १९ ची भिंत ७९ मिमी आणि माझ्या टायरची ९०. जुलै महिन्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते बघून कळत नाही. त्या ११ मिमीवर रिमचं आयुष्य असतं.

चाकाच्या आतल्या बाजूला भाराचा आकडा ओतलेला असावा, तो आधी शोधा. माझ्यावर ६९० किलो आहे. आसावर येणाऱ्या कमाल वजनाच्या निम्म्याहून तो जास्त पाहिजे. आकडाच नसेल तर डिझाइन कितीही देखणं असो, चाक दुकानातच राहू द्या.

आता बोल्ट. इथे लोक घाई करतात, म्हणून थोडं सविस्तर. स्कोडा-फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टाची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूच्या आकाराची, ६० अंशांची. गोल बोल्ट शंकूत आवळला तर तो घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो एका बारीक रेषेवर. ती रेष दबली की बोल्ट सैल. तेव्हा चाकांबरोबर नवे शंकूचे बोल्ट घ्यायचेच, एम १४ बाय १.५. हाताने फिरवून निदान सात-आठ आटे आत गेले पाहिजेत. आवळायचे १२० न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. हवेच्या गनने कचकचून लावणाऱ्याच्या हातून पाना प्रेमाने काढून घ्यावा.

नव्या चाकाचं मधलं भोक ६६.६ मिमी, म्हणून चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामधली फट भरायला हब रिंग. ती ॲल्युमिनियमची घ्यावी की प्लॅस्टिकची? आपल्याकडे माझं मत प्लॅस्टिकला. लोखंडी हबवर ॲल्युमिनियमची रिंग बसवली आणि वर खारी हवा, की ती तिथेच रुजते. चाक हबवर नीट मध्यावर बसवणं एवढंच रिंगचं काम. भार बोल्ट घेतात.

बसवणी

फोंड्याच्या मेस्तांकडे (मेकॅनिककडे) काम केलं. त्यांची पहिली सूचना होती, ‘बाब, आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर तेल मारून ठेव, मगच गाडी आण.’ मागच्या आर्मचे बोल्ट गाडी घेतल्यापासून कुणी हलवले नव्हते. तेलामुळे एकही तुटला नाही.

मागची बाजू अगदी सोपी. मल्टिलिंक आहे (चाक अनेक आर्मांनी धरलेलं), स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. खालच्या आर्मला जॅक लावून बाहेरचा बोल्ट काढला, जॅक हळू उतरवला आणि स्प्रिंग हातात आली. बसवताना स्प्रिंगचं टोक रबरी बैठकीच्या खाचेला टेकलंय ना, एवढं बघायचं.

पुढे मात्र दिवस गेला. वायपर काढा, काचेखालचं प्लॅस्टिक काढा, तेव्हा स्ट्रटचे वरचे बोल्ट दिसतात. खाली बॉल जॉइंटचे तीन नट सोडून हब खाली दाबायचा. स्ट्रट हबच्या चिमट्यात बसलेला असतो. तो चिमटा फाकवायला खास चावी मिळते. ती नसेल तर काम सुरूच करू नका. छिन्नी ठोकून फाकवलेले हब मी पाहिले आहेत, पुढे ते कधीच नीट आवळत नाहीत. स्प्रिंग कॉम्प्रेसर मेस्तांनी स्वतः हाताळला आणि मला चार पावलं मागे उभं केलं. वरचे बेअरिंग आणि वरचे बोल्ट नवे घातले. हे बोल्ट ताणून आवळायचे असतात, पुन्हा वापरायचे नसतात.

आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. आर्मच्या सांध्यातलं रबरी बुश धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाकं लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली ठेवल्याक्षणी ते पिळलं जातं आणि जन्मभर पिळलेलंच राहतं. सहा महिन्यांत फाटलं की दोष स्प्रिंगांच्या माथी. आम्ही चाकं लाकडी फळ्यांवर टेकवून, गाडीचं वजन त्यांच्यावर सोडून, मग शेवटचा टॉर्क दिला.

हबच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेप लावला. पुढे २३ मिमी खाली, मागे २०. नव्या स्प्रिंगा बसतात, म्हणून अलाइनमेंट लगेच केली नाही. थोडी गाडी चालवल्यावर पुढचा आकडा २५ वर स्थिरावला, मग पर्वरीला मशीनवर चढवली. मागे इक्सेंट्रिक (फिरवून आर्म सरकवणाऱ्या) बोल्टांनी कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्ही जागेवर आणता आले. पुढे टो तेवढा आणता येतो. कॅम्बर किंचित ऋण झाला आहे, म्हणजे चाकं वरून थोडी आत कललीत; तो मला हवाच होता. हेडलाइटची उंची सांभाळणारे सेन्सर आर्मला जोडलेले असतात आणि गाडी उतरली की त्यांना वाटतं डिकीत सामान भरलंय. स्कॅनर लावून मूळ स्थिती नव्याने शिकवली.

भार घालून

रिकाम्या गाडीत काहीच घासत नाही, त्याला अर्थ नाही. कमानीच्या आत खडूचे जाड पट्टे ओढले आणि चवथीच्या आदल्या बाजाराला गाडी नेली. मागे तिघं, डिकीत नारळ, केळ्यांचे घड, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सगळं सामान. डिचोली ते नार्वे वाटेत गतिरोधकांची कमी नाही, त्यातले निम्मे बिनरंगाचे. धक्क्यावर ओहोटी लागायला सुरुवात झालेली, बोट भरलेली, त्यामुळे सरळच चढलो. आवाज आला नाही. दिवाडीला उतरून पाहिलं तर खडूचे पट्टे चारही कमानींत शाबूत. आत्याने गाडीभोवती फेरी मारली आणि चाकांचा रंग काळपट का, एवढंच विचारलं.

घाटाचं सांगायचं तर साखळी-केरी करत चोर्ल्याला एका पहाटे जाऊन आलो. वळणात शिरताना नाक आधीपेक्षा लवकर ऐकतं. हळू चालवताना खडबडीत रस्ता जास्त जाणवतो, वेगात कमी. मागे बसणाऱ्यांचं मत माझ्याइतकं चांगलं नाही.

कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही वाचून घ्या. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हा त्यांचा गाभा. कमान कापणं, बाहेर आलेले टायर, स्पेसर यांच्या वाटेला मी गेलो नाही त्याचं हेही कारण. विमा कंपनीला चाकं आणि स्प्रिंगा लेखी कळवल्या आणि पोच घेतली. जुन्या स्प्रिंगा, जुने बोल्ट आणि मूळ अलॉय चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवलेत, गाडी पूर्ववत करायला एक दिवस पुरेल.

शॉकअप अजून कंपनीचेच आहेत. २५ मिमीला ते चालून जातात, पण त्यांचं वय झालंय. तेल झिरपताना दिसलं की खाली घेतलेल्या गाड्यांसाठी आखूड बनवलेले बिल्स्टाईन बी ८ घालणार, स्प्रिंगा याच ठेवून. तोवर दर महिन्याला रबरी बूट वर करून फडक्याने पुसून बघतो. आजवर फडकं कोरडंच निघालंय.