४:३०चा झेंडा आणि पहिले दहा किलोमीटर

मॅरेथॉनमध्ये मी बहुतेक वेळा पेसर असते. पाठीला ४:३० लिहिलेला झेंडा, मागे पंधरा-वीस जणांची ‘बस’, आणि काम एकच: सगळ्यांना साडेचार तासांच्या आत, पण फार आधीही नाही, फिनिश लाइनपलीकडे न्यायचं. यात स्वतःचं धावणं बाजूला राहतं, पण दुसऱ्यांचं भरपूर बघायला मिळतं. पहिल्या तीन किलोमीटरांत कुणीतरी शेजारी येऊन विचारतंच, “ताई, आपण जरा जास्तच हळू चाललोय ना?”

हळू वाटायलाच हवं. टेपर, म्हणजे शर्यतीआधी मुद्दाम कमी केलेलं धावणं, झालेला असतो, पाय ताजे असतात, भोवती गर्दी आणि गोंगाट. अशा वेळी योग्य पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, अंगाला अपुराच वाटतो. पाचव्या किलोमीटरला जो पेस अगदी बरोबर वाटतो, तो तिसाव्याला परवडत नाही, एवढं पक्कं धरून चाला.

विचारणाऱ्यांपैकी काही जण थोड्या वेळाने पुढे निघून जातात. त्यांचा हिशोब असा असतो की आत्ता दमलेलो नाही तोवर वेळ साठवून ठेवू, पुढे कामी येईल. तो हिशोब कागदावर मांडून बघा. ४:३०चा पेस म्हणजे किलोमीटरला ६:२४ मिनिटं. पहिले दहा किलोमीटर ६:०५ने काढले तर शिल्लक पडतात ३ मिनिटं १० सेकंद. त्याच माणसाला पुढे सहा किलोमीटर चालत-धावत, ९ मिनिटांच्या गतीने, ओढावे लागले तर जातात साडेपंधरा मिनिटं. आणि हे लोक मला पुन्हा भेटतात, बहुतेक ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान, रस्त्याच्या कडेने कमरेवर हात ठेवून चालताना.

शरीरात काय होतं तेही सांगते. सपाट रस्त्यावर धावताना किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरला जवळपास २,७०० कॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा मात्र साधारण २,००० कॅलरींचा. उरलेली ऊर्जा चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून यायला हवी. वेग जितका जास्त, तितका ग्लायकोजेनचा वाटा जास्त. त्यामुळे सुरुवातीला थोडंसं जोरात धावलं की साठा अपेक्षेपेक्षा बऱ्याच आधी संपतो. ज्याला धावपटू ‘भिंत’ म्हणतात ती मुख्यतः हीच. जिद्दीचा प्रश्न तिथे फारसा नसतोच.

मग नेगेटिव्ह स्प्लिटच, म्हणजे दुसरी हाफ पहिलीपेक्षा जोरात, करायचा का? केनियाच्या केल्विन किपटमने २०२३मध्ये शिकागोत २:००:३५चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिली हाफ ६०:४८ होती आणि दुसरी ५९:४७. त्याआधीचा विक्रम त्याच देशाच्या एलियुड किपचोगेचा, बर्लिन २०२२, २:०१:०९. त्यात उलट झालं: ५९:५१ आणि मग ६१:१८. दोघांच्याही दोन अर्ध्यांमधला फरक दीड मिनिटाच्या आत आहे, हे महत्त्वाचं. आपल्यासारख्यांनी समान पेस साधला तरी पुष्कळ. दुसरी हाफ तीन-चार मिनिटं हळू गेली तर मी त्याला उत्तम पेसिंग म्हणते.

पेस म्हणजे घड्याळातला आकडा, असं मात्र समजू नका. कोर्स मोजतात तो सर्वांत जवळच्या शक्य वाटेने, वळणांच्या आतल्या कडेने, आणि कमी भरू नये म्हणून वर ०.१ टक्का वाढवून. गर्दीत ती रेषा कुणालाच नेमकी पकडता येत नाही, शिवाय जीपीएसची चूक असतेच. घड्याळ शेवटी ४२.६ दाखवतं, तेव्हा लोक आयोजकांना शिव्या घालतात. ४२.६ किलोमीटर ४:३०मध्ये बसवायचे तर घड्याळात ६:२० दिसला पाहिजे. म्हणून मी ६:२०च्या आसपास राहते आणि प्रत्येक पाच किलोमीटरच्या फलकाशी एकूण वेळ ताडून बघते. चढावर पेस सोडते, श्वासाची लय धरते. गरम हवेत झेंडा बदलता येत नाही, पण तुम्ही झेंडा सोडू शकता, आणि खुशाल सोडावा.

कुठला झेंडा धरायचा हे घरीच, आणि ताज्या हाफ मॅरेथॉनच्या वेळेवरून ठरवा. पीटर रीगल या अभियंत्याचं सूत्र बरेच कॅल्क्युलेटर वापरतात; अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८५ पट. २:०५ची हाफ असेल तर उत्तर येतं ४:२०. पण अँड्र्यू व्हिकर्स आणि एमिली व्हर्टोसिक यांनी २०१६मध्ये हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या, तेव्हा निम्म्या लोकांच्या बाबतीत हे सूत्र मॅरेथॉनला निदान दहा मिनिटं जास्त आशावादी निघालं. आठवड्याचं एकूण धावणं कमी असेल तर २:०५वाल्याने ४:३०च धरावा, असं माझं मत. झेंडा आवडीचा नको, झेपणारा हवा.

तयारीत मला एकच हट्ट आहे: लाँग रनमध्ये, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब धावण्यात, मॅरेथॉन पेस यायलाच हवा. सगळे लाँग रन गप्पा मारत, आरामात झाले की शर्यतीचा पेस पायांना माहीतच नसतो. २६ किलोमीटर धावायचे असतील तर शेवटचे आठ-दहा ठरलेल्या पेसने. दमलेल्या पायांनी ६:२४ कसा लागतो ते तिथेच कळतं, आणि आकडा चुकीचा असेल तर बदलायला वेळही मिळतो. इतर दिवशी मात्र इतकं सावकाश धावा की पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. ३२ किलोमीटरचा लाँग रन झालाच पाहिजे, हा आग्रह मला पटत नाही. सातच्या पेसने त्याला पावणेचार तास लागतात आणि मग पुढचा आठवडा लंगडण्यात जातो. २८वर थांबा, बुधवारचं धावणं बुडवू नका.

टेपरबद्दल थोडंच. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर निम्म्यापर्यंत आणा, थोडा वेग राहू द्या. या काळात गुडघा उगाच दुखायला लागतो, घसा खवखवतो, असं सगळ्यांनाच वाटतं. बहुतेक वेळा त्यात काही नसतं.

एनर्जी जेल (धावताना खायची साखरेची पाकिटं) पहिल्या पाऊण तासाच्या आत सुरू करा, भूक लागायची वाट बघू नका. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स हा नेहमीचा सल्ला आहे. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, त्यावरून किती खिशात ठेवायचे ते ठरवा. आणि जे लाँग रनला पोटाने स्वीकारलंय तेच घ्या. शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये (प्रदर्शनात) फुकट मिळालेलं नवं जेल शर्यतीत फोडणाऱ्यांची पुढची कहाणी मी इथे लिहीत नाही. पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक पाण्याच्या स्टेशनवर भरभरून प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळही जास्त मिळतो.

पस्तिसाव्या किलोमीटरला मी बसमधल्यांना सांगते: ज्यांना बोलता येतंय त्यांनी आता पुढे जा. पहिल्या तीन किलोमीटरांत कुरकुरणाऱ्यांपैकी जे बसमध्येच राहिले होते, त्यांतले बरेच तेव्हा खरंच जातात.

शेवटचं, अगदी व्यवहाराचं. स्टार्टला आपल्या पेसरला एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही गन टाइम (शर्यत सुरू झाल्यापासूनची वेळ) धरताय की चिप टाइम (स्वतः स्टार्टची रेषा ओलांडल्यापासूनची)? गर्दीत तुम्ही त्याच्यामागून दोन मिनिटांनी रेषा ओलांडली असेल, तर ही दोन मिनिटं पहिल्या किलोमीटरमध्ये पळत भरून काढायची गरज नाही. तो चिपवर असेल तर त्याच्या दोन मिनिटं मागे राहूनही तुमची वेळ बरोबरच येते.